पायताणाचा सोल आणि अडतीस शब्द

१६ ऑगस्ट २०१८, गुरुवार. पेपरात काम केलेल्या कुणालाही ही तारीख सांगा, लगेच उत्तर येतं, पाच वाजून पाच मिनिटं, वाजपेयी. मलाही ती वेळ पाठ आहे, पण त्याच दिवसातली अजून एक वेळ माझ्या डोक्यात बसलीय, संध्याकाळची पावणेआठ, आणि तिच्याबद्दल मी आजवर तीनच माणसांशी बोललेय, एक आमचा ऑपरेटर, एक त्याची बहीण आणि एक दादा. दादा तर विसरले पण असतील.

मी तेव्हा कोल्हापुरात एका मराठी पेपरात उपसंपादक होते. रात्रपाळी. दुपारी चारला यायचं आणि शेवटचं पान सुटलं की ऑफिसच्या गाडीनं घरी, म्हणजे दीड-दोन. माझ्याकडं देश-विदेशचं पान असायचं. दादा म्हणजे आमचे चीफ सब, तीस वर्षं डेस्कवर काढलेला माणूस, गुरुवार करायचे, त्यामुळं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोटात फक्त चहा आणि साबुदाणा, म्हणजे चिडचिड आधीच ठरलेली.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. १५ ऑगस्टला पेपरला सुट्टी असते, त्यामुळं १६ तारखेला अंकच निघत नाही. म्हणजे १७ च्या अंकात दोन दिवसांच्या बातम्या कोंबायच्या. त्यात १५ च्या रात्री मुंबईत अजित वाडेकर गेलेले, ७१ साली वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये जिंकून आलेला कॅप्टन, म्हणजे खेळाचं अख्खं पान त्यांचंच, शिवाय पान एकवर फोटो. केरळमध्ये पुरानं हाहाकार, कोची विमानतळ बंद. लाल किल्ल्यावरचं भाषण शिळं झालेलं तरी घ्यायला लागणारच. आणि एम्सकडनं सकाळपासून बुलेटिन येत होती, प्रकृती चिंताजनक, लाइफ सपोर्टवर, म्हणजे काय ते डेस्कवर सगळ्यांना कळत होतं. वाजपेयींची पानं तयार होती. हे बाहेरच्या लोकांना ऐकायला बरं वाटत नाही पण असंच असतं, मोठं माणूस आजारी पडलं की डेस्कवर फोल्डर उघडतं, कविता, पोखरण, लाहोरची बस, सगळं लावून ठेवायचं, फक्त तारीख आणि वेळ भरायची बाकी.

तर माझ्याही मशिनवर एक फोल्डर होतं, आणि ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

१३ तारखेला बातमी आलेली की अमेरिकेत गायिका अरीथा फ्रँकलिन खूप आजारी आहे, घरचे लोक भोवती बसून आहेत. मी १४ ची रात्र आणि १५ ची सुट्टी घालवून घरी साडेसहाशे शब्द लिहिले. नवरा म्हणाला, सुट्टीच्या दिवशी कुणाचा मृत्युलेख लिहितीयस, तोही जिवंत माणसाचा. काय उत्तर देणार.

माझं आणि अरीथाचं कनेक्शन डेस्कवरच जुळलेलं. २० जानेवारी २००९, मी शिकाऊ म्हणून लागून पाच-सहा महिने झालेले, रात्री टीव्हीवर ओबामांचा शपथविधी लाइव्ह, सगळे बातमीच्या मागं. मधेच एक भारदस्त बाई आली, राखाडी हॅट, त्या हॅटवर हा एवढा मोठा बो, कडाक्याची थंडी, आणि ती गायला लागली. देशभक्तीपर साधं गाणं, शाळेत म्हणतात तसलं. पण ती एकेका शब्दावर अशी थांबायची, अशी वर जायची आणि मग तिथनं उतरायची, की मी कीबोर्डवरचा हात काढून घेतला. टीव्हीचा आवाज बारीक होता तरी. नंतर राजारामपुरीतल्या एका कॅफेत बसून तिची मिळतील तेवढी गाणी पेन ड्राइव्हवर घेतली. इंग्रजी शब्द निम्मे कळायचे नाहीत, पण आईला देवीची गाणी म्हणताना ऐकलेले कान असले की ते कळायची फारशी गरज पडत नाही.

त्या साडेसहाशे शब्दांत मी 'रिस्पेक्ट' या तिच्या गाजलेल्या गाण्यावर थोडकंच लिहिलेलं, ते सगळेच लिहिणार होते. माझा जीव अडकला होता तिच्या पहिल्या अल्बममध्ये. १९६१ चा फेब्रुवारी, बाई अठरा वर्षांची, कंपनी कोलंबिया, आणि तिला आणणारा माणूस जॉन हॅमंड, ज्यानं बिली हॉलिडेला पुढं आणलं आणि त्याच १९६१ मध्ये पुढं बॉब डिलनला पण घेतलं, म्हणजे कान असलेला माणूस. सोबत रे ब्रायंट नावाच्या पियानोवादकाचा छोटा जॅझचा संच. समीक्षकांनी पसंत केली, 'डाउनबीट' या जॅझच्या मोठ्या मासिकानं त्याच वर्षी तिला नवी तारका गायिका ठरवलं. आता हे वाचून कुणालाही वाटेल, झालं, गाडी लागली मार्गी.

नाही लागली. पुढची पाच-सहा वर्षं कंपनीनं तिच्याकडनं सगळं गाऊन घेतलं. जॅझ, नाटकातली जुनी गाणी, व्हायोलिनांच्या लाटेत बुडवलेली प्रेमगीतं, जे चालेल ते. त्या सगळ्या काळात एकच गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या चाळीसात गेलं, तेही ३७ व्या नंबरला, आणि ते गाणं कुठलं तर १९१८ सालातल्या एका संगीत नाटकातलं, म्हणजे तिच्या जन्माच्या चोवीस वर्षं आधीचं. मग १९६६ च्या शेवटी ती अटलांटिक कंपनीकडं गेली, जानेवारी १९६७ मध्ये अलाबामातल्या मसल शोल्स नावाच्या आडगावी स्टुडिओत तिला पियानोवर बसवलं आणि सांगितलं, गा. रेकॉर्डिंग एकच दिवस चाललं, संध्याकाळी तिच्या नवऱ्याची तिथल्या लोकांशी भांडाभांडी झाली आणि सगळे पांगले, हातात एक पुरं गाणं आणि एक अर्धं. पण त्या एका गाण्यानं काम झालं. राहिलेलं न्यूयॉर्कला केलं आणि जूनपर्यंत 'रिस्पेक्ट' एक नंबरला.

माझा मुद्दा असा होता की ती १९६१ मध्ये कच्ची होती म्हणून चाललं नाही, असं नाहीच मुळी. बाप डेट्रॉइटमधला नावाजलेला धर्मोपदेशक, घरी महालिया जॅक्सनसारख्या गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्या बायकांचं येणंजाणं, आणि चौदाव्या वर्षी, १९५६ मध्ये, बापाच्याच चर्चमध्ये तिचं गाणं रेकॉर्ड झालेलं. म्हणजे खरं तर पहिला अल्बम कुठला यावरच वाद घालता येईल. ते चर्चमधलं गाणं ऐका, पोरगी पियानो बडवत गातीय, मागनं लोक हो हो म्हणतायत, तिथं सगळं आहे. ते सगळं घेऊन ती आली, कंपनीनं त्यावर इस्त्री फिरवली, आणि समीक्षक म्हणाले छान, नवी तारका. कौतुक झालं पण नक्की कशाचं झालं ते कुणी विचारलं नाही. मजा म्हणजे त्या १९६१ च्या अल्बममध्येही काही गाण्यांत पियानोवर ती स्वतः आहे आणि माझ्या कानाला ती गाणी वेगळी लागतात, तिथं ती दुसऱ्याच्या तालावर चालत नाही, स्वतःच्याच हाताला स्वतः उत्तर देते.

असं सगळं लिहिलेलं. जरा जास्तच मनापासून.

तर पाच वाजून पाच मिनिटांनी वाजपेयी गेले. साडेपाचच्या पुढं अधिकृत बातमी आली आणि मग डेस्कवर जे होतं ते झालं. फोन, फोन, फोन. दादांनी पानं एकापाठोपाठ एक तोडली, एक ते चार वाजपेयी, आतलं एक पान गावातल्या आठवणींचं, जुने जनसंघवाले, त्यांच्याकडचे पिवळे पडलेले फोटो, शहरचे रिपोर्टर पेठापेठातनं भिजत हिंडतायत. माझ्या देश-विदेश पानावर वाजपेयींवर जगभरातल्या नेत्यांच्या प्रतिक्रिया, खाली केरळ, उजवीकडं अर्धं पान जाहिरात. बाहेर पाऊस नुसता रिपरिप, खिडकीतनं आत येत होता आणि कुणालाच खिडकी लावायला वेळ नव्हता.

पावणेआठला एजन्सीच्या वायरवर ओळ आली. अरेथा फ्रँकलिन, ७६, डेट्रॉइट, राहत्या घरी.

मी दादांच्या टेबलाशी गेले. दादा फोनवर होते, हातानंच काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, "दादा, अरीथा फ्रँकलिन गेली."

"कोण?"

"अमेरिकन गायिका. क्वीन ऑफ सोल म्हणतात. माझ्याकडं साडेसहाशे शब्द तयार आहेत."

फोन त्यांनी छातीला लावला आणि माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "अगं, पंतप्रधान गेल्यात. वाडेकर गेल्यात. केरळ बुडालंय. आणि तू मला राण्या आणि कुठल्या आणतीस."

मग दोन मिनिटांनी फोन ठेवल्यावर स्वतःच हाक मारली. दादा देवल क्लबात जाऊन गाणं ऐकणारा माणूस, अल्लादिया खाँसाहेबांचा गळा बिघडला तेव्हा त्यांनी गायकी नव्यानं कशी बांधली हे ते चहाच्या टपरीवर अर्धा तास सांगू शकतात. म्हणाले, "गळा कसाय बाईचा?"

मी म्हटलं, "भारदस्त. खालनं येतो."

"मग सिंगल कॉलम लाव. चाळीस शब्दांच्या आत. खाली, जाहिरातीच्या डोक्यावर जेवढी फट हाय तेवढी."

साडेसहाशेचे चाळीस. हे काम मी रोज करते, दुसऱ्यांच्या बातम्यांचं. कापाकापीत माझा हात चांगला आहे असं सगळे म्हणतात. पण स्वतःचं कापायला घेतलं की प्रत्येक वाक्य हातापाया पडतं. आधी सगळ्या पदव्या काढल्या. १९८७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलेली पहिली बाई, गेलं. मिशिगन राज्यानं तिच्या आवाजाला नैसर्गिक संपत्ती जाहीर केलं होतं, हे तर मला फार आवडायचं, गेलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीनंतर गायली, गेलं. ओबामा, हॅट, गेलं. शेवटी मी स्वतःशी ठरवलं की १८ ग्रॅमी राहू दे कारण आकडा लागतो, आणि पहिल्या अल्बमचं एक वाक्य राहू दे कारण ते माझं आहे. निघालं ते असं:

डेट्रॉइट : 'क्वीन ऑफ सोल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गायिका अरेथा फ्रँकलिन (वय ७६) यांचे गुरुवारी निधन झाले. चर्चमध्ये गाणे शिकलेल्या अरेथा यांच्या १९६१ मधील पहिल्या अल्बमचे समीक्षकांनी कौतुक केले. पण सूर सापडला तो १९६७ मध्ये. त्यांना १८ ग्रॅमी मिळाले.

मोजून अडतीस. नाव खरं तर अरीथा, पण एजन्सीच्या मराठी कॉपीत अरेथा होतं आणि पेपरात एकदा जे छापून आलं तेच पुढं चालतं, त्या रात्री त्यावर भांडायची सोय नव्हती.

भांडण झालं ते हेडिंगवर. मी दिलेलं, सोल गायिका अरेथा फ्रँकलिन यांचे निधन. सोल म्हणजे तिच्या गाण्याचा प्रकार. दादांनी प्रूफ बघितलं आणि एवढ्या गडबडीत हसायलाच लागले. "सोल गायिका? कोल्हापुरात छापालीयस न्हवं? हितं सोल म्हटल्यावर लोकास्नी पायताणाचा कळतोय. उद्या चप्पल लाइनमधनं फोन येईल, कुठली बाई, कुठला सोल, चामड्याचा का रबराचा."

सगळं डेस्क हसलं. दिवसभरात पहिल्यांदा. मी पण हसले, पण हात सोडवेना. म्हटलं, आत क्वीन ऑफ सोल आहेच ना. तर ते म्हणाले आत अवतरण आहे, हेडिंगला नको. एकानं सुचवलं आत्मसंगीताची राणी. ते ऐकून मलाच पायताणाचा बरा वाटला. पॉप गायिका करा म्हणाले, मी म्हटलं पॉप नाही करणार. शेवटी गायिका अरेथा / फ्रँकलिन / यांचे निधन, तीन ओळी, सिंगल कॉलम. कसली गायिका ते नाहीच. त्यावर युनिकोडमधनं आमच्या जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करताना फ्रँकलिनमधला फ्रँ फुटला आणि तिथं एक चौकोन आणि उलटा उकार आला.

तो फ्रँ जोडला पास्टरनं.

पास्टर म्हणजे आमचा ऑपरेटर. पास्टर बिस्टर काही नाही, पण रविवारी वायल्डर चर्चला जायचा आणि तिथं क्वायरमध्ये गायचा म्हणून सगळे पास्टर म्हणायचे, तोही ओ द्यायचा. अमेरिकन मिशनचे लोक १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्याचं घराणं त्यांच्याच काळापासूनचं चर्चचं, आणि बोलणं मात्र अस्सल शिवाजी पेठेचं. कमी बोलायचा. पानं लावताना एका कानात इयरफोन. काय ऐकतो हे मी दहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

फ्रँ जोडता जोडता तो म्हणाला, "मॅडम, ही चर्चमधली हाय?"

"हो, बापाच्या चर्चमध्ये गायची."

"मग पान सुटल्यावर ऐकवा की."

साडेदहाला डाक आवृत्तीचं पान सुटलं, सिंधुदुर्ग, चंदगड, गडहिंग्लज. अरीथा त्यात गेली. शहर आवृत्तीला अजून वेळ होता आणि बाराच्या सुमाराला जाहिरात विभागातनं माणूस धावत वर आला, एका संस्थेची भावपूर्ण श्रद्धांजली, आज आत्ता, पैसे जमा, जागा फक्त तुमच्या पानावर निघतीय. जाहिरात दोन सेंटिमीटरनं वाढली. दोन सेंटिमीटर म्हणजे कोण जाणार ते सांगायला नको. दादांनी मला विचारलं पण नाही आणि मी पण काही म्हणाले नाही, पास्टरनं माऊसनं तो चौकोन धरला आणि पानाच्या बाहेर, करड्या भागात नेऊन ठेवला. डिलीट नाही केला. स्क्रीनवर पानाच्या कडेला ती बातमी तशीच लटकत होती, छापलेल्या जगाच्या बाहेर. म्हणजे देवगडच्या माणसाला कळणार अरीथा गेली, राजारामपुरीच्या नाही.

पाऊणला सगळं सुटलं. दादा गेले. गाडी यायला वीस मिनिटं होती. पास्टरनं मशिनला बारकं स्पीकर लावलं आणि मी पेन ड्राइव्ह दिला, हे म्हटलं पहिल्या अल्बममधलं, पियानो ती स्वतः वाजवतीय ते. तो खुर्चीत मागं टेकून ऐकत होता. गाणं धावतं आहे, रेल्वेची वाट बघणाऱ्या बाईचं. अर्ध्यावर त्यानं मान हलवली. "मॅडम, आमच्यात पेटीवर बसणारा माणूस आन गाणारा माणूस येगळा असला की गाणं एका चालीनं जातंय. पेटीवालाच गात असला की मग चाल त्याच्या पोटातनं येती. थांबायचं तिथं हात थांबतोय. ही थांबालीय बघा."

मी साडेसहाशे शब्दांत जे सांगायला गेले ते ह्या माणसानं चार वाक्यांत सांगितलं, तेही एकदा ऐकून. त्यावर मी त्याला १९६७ चं ऐकवलं. तो काहीच बोलला नाही, फक्त आवाज वाढवला. मग त्यानं सांगितलं की त्याच दिवशी अमेरिकेतल्या एका मोठ्या चॅनेलनं अरीथाच्या श्रद्धांजलीत दुसऱ्याच गायिकेचा फोटो वापरलाय, ट्विटरवर धुलाई चाललीय, मग माफी मागितली. "आपण बरं, आपण फोटोच लावला नाही," म्हणाला. आणि मग एकदम, माझ्याकडं न बघता, "आमच्या ताईचं तुम्ही लिवलं होतं बघा."

मला आठवेना. मग आठवलं आणि पोटात गोळा आला.

२०१३ का १४ साली तेव्हा माझ्याकडं पुरवणीत नव्या सीडीजचं एक बारकं सदर होतं. पास्टरनं बहिणीची सीडी आणून दिलेली, गावातल्याच एका घरगुती स्टुडिओत केलेली, आठ गाणी, पहिलाच अल्बम. एक भावगीत, एक गझल, एक लावणीसारखं, एक हिंदी, एक भक्तिगीत, एक उपासनेचं, असं सगळं थोडं थोडं, कोण काय ऐकेल सांगता येत नाही म्हणून. मी खरं सांगते, मी त्यातली दोन गाणी ऐकलेली, मशिनच्या स्पीकरवर, शेजारी दोन फोन वाजत असताना. आणि चार ओळी लिहिलेल्या. आवाज आश्वासक आहे. गाण्यांत वैविध्य आहे. संगीत संयोजन श्रवणीय. रसिक स्वागत करतील. उदयोन्मुख पण लिहिलं असणार, ते तर पुरवणीच्या पाण्यातच होतं तेव्हा.

आश्वासक. कुणाचंही मन न दुखावता कान बंद करून लिहायचा शब्द. डाउनबीटवाल्यांनी निदान ऐकून तरी मत दिलं होतं.

"काय म्हणाल्या होत्या ताई?" मी विचारलं.

"काय न्हाई. कात्रण फ्रेम केलं आईनं. ताई एवढंच म्हटली, त्यात आवाज कसाय त्ये न्हाई."

गाडी आली. पास्टरनं तेवढ्यात डाकच्या पानाची पीडीएफ काढली, अडतीस शब्दांवर झूम करून फोटो घेतला आणि बहिणीला व्हॉट्सॲप केला. ती लग्नानंतर पुण्याला, शाळेत संगीत शिकवते, जागी असणार म्हणाला, पेपर तपासत बसती रात्री. मी गाडीत बसले आणि दसरा चौकात पोचायच्या आधी त्याचा फॉरवर्ड आला. तिनं लिहिलेलं, "सूर ६७ ला सापडला म्हणजे काय, ६१ ला हरवला होता का? कोणी हरवला?"

हसू पण आलं आणि झोप पण उडाली. माझंच वाक्य, जे मी एवढं जपून ठेवलं, तेच चुकीचं होतं. सूर तिला चौदाव्या वर्षीच सापडलेला, मीच लिहिलं होतं ते, पण ते कापलेल्या भागात.

सीडी मला सोमवारी मिळाली, पुरवणीच्या कपाटात, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली, कव्हरवर हिरव्या साडीतला फोटो आणि मागं आठ गाण्यांची नावं. ऐकायची कशावर, आमच्या नव्या मशिन्सना सीडीची खाचच नाही. शेवटी वर अकाउंट्समध्ये एक जुनं डबडं होतं टॅली चालवायला, तिथल्या बाईंना विनंती करून हेडफोन लावून बसले. सगळी आठ ऐकली, दोनदा. लावणी तिला शोभत नाही. गझलेत ती दुसऱ्या कुणाची तरी नक्कल करते, कुणाची ते कुणीही ओळखेल. हिंदीत ढोलकी एवढी पुढं ठेवलीय की गळा मागच्या खोलीत गेल्यासारखा. पण सहावं गाणं, अभंगाच्या चालीवरचं उपासनेचं, फक्त पेटी आणि ती. दुसऱ्या कडव्यात ती एका शब्दावर थांबते, पेटी पण थांबते, श्वासाचा आवाज येतो, आणि मग दोन्ही एकदम खालच्या सुरावर येतात. खालचा आवाज जरा खरबरीत आहे तिचा, मातीच्या मडक्याला घासल्यासारखा, आणि तो बाकीच्या सात गाण्यांत कुठंच नाही, तिथं सगळं गोड.

पास्टरकडनं नंबर घेतला आणि मेसेज केला, सहाव्या गाण्यात पेटी तूच वाजवलीयस ना, आणि त्या गाण्याबद्दल वर लिहिलंय तेच जवळपास लिहिलं, पाच वर्षं उशिरा.

तासाभरानं उत्तर आलं. "हो ताई. पेटीवाले त्या दिवशी आलेच नव्हते, आणि स्टुडिओचे पैसे तासावर होते."